दिवसाढवळ्या जागरण

किशनराव अर्जनवीस दिवसा झोपतात, ही बातमी वालूर गावात कुणालाच नवी नव्हती. नवी बातमी अशी होती, की आता त्यांना झोपायची मनाई झाली आहे.

मनाई सरकारची नव्हती. निजाम सरकारनं त्या काळी पुष्कळ गोष्टी आपल्या हातात ठेवल्या होत्या. सभा भरवायची तर इजाजत, मिरवणूक काढायची तर इजाजत, वाजंत्री लावायची तरी इजाजत. पण रयतेच्या पापण्यांना अजून हैदराबादेतल्या कुणी हात घातला नव्हता. मनाई झाली होती ती घरातून. किशनरावांच्या पत्नी नर्मदाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण लागल्या होत्या. सकाळी त्या जेवून शाळेत गेल्या, की उन्हं उतरेपर्यंत घरात दोघंच उरत, सव्वा वर्षाचा बन्सीधर आणि त्याचे वडील. ही व्यवस्था खुद्द किशनरावांनीच ठरवलेली. "लेकरू सांभाळणं हे काय काम हाय व्हय? मी ओसरीवर दरखास्ती लिहीत बसतो, ते आपलं खेळत ऱ्हाईल," असं ते पारावर चारचौघांत बोलून बसले होते. घरात बोललेलं माणसाला फिरवता येतं, पारावरचं बोलणं फिरवायची सोय नसते.

आता बन्सीधरचं असं होतं, की रात्र ही निजण्यासाठी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्याला ते पटलं नव्हतं. दिवे मालवले की त्याला तरतरी यायची. नर्मदाबाईंना सकाळी शाळेत उभं राहायचं असतं, तेव्हा त्यांना निजू द्यायचं आणि पोराला खांद्यावर टाकून आपण अंगणात येरझारा घालायच्या, हा किशनरावांचा मोठेपणा. या मोठेपणाची वसुली दुपारी व्हायची. जेवण झालं, ओसरीवरची सावली सरकली, कोंबड्या लिंबाखाली बसल्या, की किशनरावांची मान हळूहळू दौतीकडे निघायची. एकदा एका शेतकऱ्याची मोजणीची दरखास्त लिहिता लिहिता त्यांचा बोरू जो घसरला तो थेट कागदाच्या खालच्या टोकाला जाऊन थांबला. तालुक्याच्या कचेरीत ती रेघ शेतातला नाला म्हणून धरली गेली. नसलेला नाला कागदावरून बुजवून घ्यायला त्या शेतकऱ्याला पुन्हा दरखास्त करावी लागली, आणि तीही किशनरावांनीच लिहिली.

इथवर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण एका दुपारी शेजारच्या बायनाबाई ताक द्यायला आल्या, तर किशनराव दप्तरावर गाल टेकून घोरत होते आणि बन्सीधरचा पत्ता नव्हता. बायनाबाईंनी माजघर पाहिलं, रांजणात डोकावून पाहिलं, आणि शेवटी गोठ्यात गेल्या. बन्सीधर म्हशीच्या गव्हाणीत कडब्यावर बसला होता आणि म्हैस त्याच्या टोपड्याचा बंद चघळत होती. त्या दोघांचं एकमेकांविषयी काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं बायनाबाईंचं, आणि ते त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकवलं. बातमी शाळेत पोचेपर्यंत म्हशीनं बन्सीधरचा कान चघळला होता, आणि नर्मदाबाई घराच्या उंबऱ्याशी येईपर्यंत तो तिनं गिळलाही होता.

नर्मदाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हातपाय धुतले, पोराचे दोन्ही कान पाहिले, टोपड्याला नवा बंद शिवला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "मी आईला निरोप धाडते. ती बन्सीला पोखर्णीला घेऊन जाईल. लेकराबिगर मला इथं ऱ्हावायचं न्हाई, म्हणून मीबी जाईन. शाळा सोडते."

शाळेचा मुआयना, म्हणजे तपासणी, जवळ आली होती. इन्स्पेक्टरबाई यायच्या होत्या, आणि त्यांचं मन भरलं तर नर्मदाबाईंची जागा कायम व्हायची होती. लग्न झाल्यापासून या बाईनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, की मला शिकवायला जाऊ द्या. शाळेतून येताना तिच्या चालण्यात जो रुबाब असे तो पाहायला किशनरावांना मनापासून आवडायचं, अर्थात त्या वेळी ते जागे असतील तर. हे सगळं आपल्या डुलकीपायी जाणार, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मुआयन्यापर्यंत मुदत मागितली. सरकारदरबारी लोकांना मुदत मागून द्यायचा त्यांचा धंदाच होता, तो या वेळी घरात कामी आला.

"मुआयन्यापातुर," नर्मदाबाई म्हणाल्या. "तवर एक डुलकी जरी दिसली, तर निरोप गेला समजा."

गावात कुणाला झोप येत नसेल तर त्याला सल्ला देणारी माणसं कमी असतात. पण कुणाला झोप येते म्हटल्यावर सगळं गाव वैद्य होतं. पहिले आले व्यंकटराव जमादार. हे पोलिसातून पेन्शनीत आलेले. उभ्या नोकरीत आपण सरकारी खजिन्यावर पहारा केला आणि एकदाही पापणीला पापणी लावली नाही, असं ते रोज सांगत. त्यांनी तपकीर दिली. किशनरावांनी ती ओढली आणि ते असे शिंकू लागले, की मोठ्या मिनतवारीनं निजलेला बन्सीधर दचकून उठला आणि त्यानं सूर लावला. दुसऱ्या दिवसापर्यंत किशनरावांच्या नाकाला तपकिरीची सवय झाली. ते एक शिंक द्यायचे, डुलकी घ्यायचे आणि पुढची शिंक द्यायला उठायचे. मग कुणी हिरवी मिरची दाढेखाली धरायला सांगितलं. डोळ्यांना पाणी आलं, ते हातानं पुसलं, हात मिरचीचा होता, आणि पुढचा सगळा दिवस किशनरावांना डोळे मिटूनच बसावं लागलं. आपण झोपलेलो नाही, नुसते डोळे मिटले आहेत, हे येणाऱ्याजाणाऱ्याला पटवण्यात त्यांचा घसा बसला.

शेवटी त्यांनी आपलं डोकं चालवलं. पोराच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आया झोके देतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तेच उलटं करायचं. दोरीचं एक टोक आपल्या अंगठ्याला आणि दुसरं बन्सीधरच्या करदोट्याला. पोरगं लांब गेलं की अंगठा ओढला जाईल आणि आपल्याला जाग येईल. ही तजवीज इतकी बिनचूक होती, की दोरी बांधून झाल्याबरोबर ते निश्चिंत मनानं झोपी गेले.

चूक दोरीत नव्हती, करदोट्यात होती. तो जुना होता. तो तुटला. त्याच सुमारास बायनाबाईंची शेळी ओसरीवर आली. बन्सीधरनं मोठ्या प्रेमानं तिच्या गळ्याशी ती दोरी गुंडाळली आणि शेळी चरायला निघाली. अंगठ्याला हिसका बसताच किशनराव अर्धवट झोपेत उठले आणि "बन्सी, थांब रे राजा, लांब जाऊ न्हाई," असं लाडानं म्हणत एका पायावर उड्या मारत शेळीमागं निघाले. शेळी गल्लीतून गेली, पाराला वळसा घालून गेली आणि भरल्या चावडीसमोर उभी राहिली. तिथं पाच-पन्नास माणसांच्या देखत किशनरावांनी तिला उचलून कडेवर घेतलं, तिचा मुका घेतला आणि मग त्यांना जाग आली.

त्यानंतर लोक पारावर बोलायचे थांबून त्यांच्याकडे बघायचे, हे एक वेळ सोसवलं असतं. पण त्यांच्याकडं दरखास्ती लिहायला येणारे पक्षकारही आधी शेळीची खुशाली विचारू लागले. खरा घाव पुढंच होता. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलेल्या कुणीतरी ही हकीकत किशनरावांच्या सासूबाईंच्या, धुरपदाबाईंच्या कानावर घातली. निरोप धाडायची गरजच उरली नाही. त्यांचाच उलटा निरोप आला, की मुआयन्याच्या दिवशी मी येते, दिवसभर बसून जावईबापूंकडं बघते, आणि मग माझ्या नातवाचं काय करायचं ते ठरवते.

तेव्हा बायनाबाईंनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. लग्नानंतर खंडोबाचं जागरण घालायचं असतं. किशनरावांच्या घरी ते यंदा नको, पुढच्या साली बघू, असं करत राहूनच गेलं होतं.

"भाऊ, तुमी देवाचं जागरण घातलं न्हाई, म्हणून देव तुमाला झोपवायलाय," बायनाबाई म्हणाल्या. "तेवढं घाला, झोप पळती का न्हाई बघा."

किशनरावांना हे पटलं. फक्त एक अडचण होती. जागरण रात्रभर चालतं. रात्रभर जागायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी झोपायचं, आणि रात्री जागण्याची त्यांना मुळीच टंचाई नव्हती. त्यांना जागायचं होतं ते दिवसा. म्हणून त्यांनी ठरवलं, की मुआयन्याच्या दिवशी, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत, दिवसाच जागरण घालायचं. समोर दिमडी वाजत असताना कोण कशाला झोपेल? सासूबाई बघायला बसणार असतील तर खुशाल बसोत. जागरणाची गाणी म्हणणारा आश्रुबा वाघ्या आधी तयार होईना. दिवसा जागरण घातलेलं त्याच्या बापानं, आज्यानं पाहिलं नव्हतं. पण देवाला दिवस काय आणि रात्र काय, असं किशनरावांनी त्याला समजावलं, आणि पुरणपोळीचा बेत आहे असंही समजावलं. तेव्हा तो कबूल झाला.

राहिली इजाजत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दरखास्ती लिहिल्यावर किशनराव प्रथमच स्वतःची लिहायला बसले आणि त्यांनी आपलं सगळं उर्दू त्यात ओतलं. ठाण्यात मुन्शीनं ती दोनदा वाचली. जागरणाला दप्तरात रतजगा म्हणत.

"रतजगा दिन कू कैसा होता जी?" त्यानं विचारलं.

होतो, असं किशनराव म्हणाले. नाही होत, असं मुन्शी म्हणाला. रतजग्याची वेळ सूर्यास्त ते सूर्योदय अशी ठरलेली. ती उलटी करायला मंजुरी हैदराबादेहून आणावी लागेल आणि ती यायला बन्सीधरचं लग्न उजाडेल. अखेर प्रकरण ठाण्याच्या प्रमुखापुढं, अमीनसाहेबांपुढं गेलं. अमीनसाहेबांनी चावडीसमोरची शेळी स्वतः पाहिली होती. ते बराच वेळ मिशीत हसले आणि त्यांनी इजाजत दिली, पण दोन अटींवर. एक जवान तिथं हजर राहील. आणि ज्याच्या नावानं जागरण तो इसम अखेरपर्यंत जागा असला पाहिजे. तो झोपला तर जमाव बेकायदा ठरेल. अशा रीतीनं किशनरावांचं जागं राहणं सरकारी झालं.

मुआयन्याच्या दिवशी नर्मदाबाई नवं लुगडं नेसून शाळेत गेल्या. जाताना उंबऱ्यात थांबून त्यांनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि त्या निघाल्या. ओसरीवर ज्वारीच्या ताटांचा मखर उभा राहिला, भर उन्हात दिवटी पेटली, भंडारा उधळला गेला. आश्रुबानं दिमडीवर थाप मारली, मागं त्याचे साथीदार घाटी, म्हणजे छोटी घंटा, आणि तुणतुणं घेऊन उभे राहिले. मखराच्या उजव्या अंगाला व्यंकटराव जमादार बसले, डाव्या अंगाला ठाण्यातून आलेला जवान मुंजाजी. बायनाबाई चुलीशी. दुपारच्या आत धुरपदाबाईंची बैलगाडी आली. त्या उतरल्या, पाणी प्यायल्या, जावयाच्या बरोब्बर समोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बसा आता. बघू कसे जागता ते." आणि त्यांनी डोळे रोखले.

मध्येच नैवेद्य झाला आणि सगळ्यांना पुरणपोळ्या वाढल्या. यजमानाचा उपास होता. जागरण सरेपर्यंत त्यांनी काही खायचं नव्हतं. बाकीच्यांना तसलं बंधन नव्हतं. बायनाबाईंच्या हाताला तुपाचं माप माहीत नव्हतं आणि कुणी ते शिकवायलाही गेलं नाही.

पहिला पडला तुणतुणंवाला. हे लोक आदल्या रात्रीच देवगाव फाट्याचं जागरण उरकून तसेच आले होते. मग घाटी थांबली. जवान मुंजाजी रात्रभर गस्त घालून आला होता. त्यानं भिंतीला पाठ टेकली, टोपी डोळ्यांवर आली, आणि टोपीखालून आवाज येऊ लागला. सरकारी खजिना राखणारे व्यंकटराव बसल्या जागी कलंडले आणि तांदळाच्या पोत्यासारखे तिथंच राहिले. बायनाबाई परात घासता घासता परातीवरच निजल्या. आश्रुबा एकटा नेटानं वाजवत होता, पण त्याच्या थापांतलं अंतर वाढत गेलं, आणि एक थाप पडली ती पडलीच. दिमडी त्याच्या हातातून घरंगळत किशनरावांच्या पायाशी आली. धुरपदाबाईंचे रोखलेले डोळे केव्हाच मिटले होते. जावयाकडं उगारलेलं बोट मात्र तसंच होतं.

किशनरावांनी चहूकडं पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते आणि डोळे लख्ख उघडे होते. भरल्या दुपारी, साऱ्या ओसरीवर ते एकटे जागे होते. आणि हे बघायला कुणी जागं नव्हतं.

त्यांना ओरडून सगळ्यांना उठवावंसं वाटलं. पण त्यांच्या मांडीवर बन्सीधर झोपला होता. दिमडीच्या ठेक्यावर तो दिवसभरात प्रथमच गाढ निजला होता, आणि ठेका थांबताच त्यानं एक डोळा उघडून ओठ काढायला सुरुवात केली होती. तो उठला असता तर दिवटीकडंच धावला असता. किशनरावांनी झटकन दिमडी उचलली आणि थाप मारली. डोळा मिटला. आता गाणं पाहिजे. खंडोबाची गाणी त्यांना येत नव्हती. तोंडपाठ होतं ते एकच. तेच त्यांनी वाघ्याच्या चालीवर धरलं. "हुजूर की खिदमतमें अर्ज है," असं पहिलं कडवं झालं. मग बांधाच्या तंट्याची दरखास्त झाली, विहिरीसाठी मागितलेल्या तगाई कर्जाची झाली, हरवलेल्या बैलाची झाली. मधूनमधून ते दिवटीत तेल घालत होते. मार्तंडानं इतक्या दरखास्ती एका बैठकीत क्वचितच ऐकल्या असतील. हात भरून आला, घसा सुकला, तरी किशनराव थांबले नाहीत. तिकडं शाळेत आपल्या बायकोचं काय चाललं असेल, हा एकच विचार त्यांच्या मनात घोळत होता.

उन्हं उतरली तेव्हा नर्मदाबाई आल्या. त्या दारातच थांबल्या. सगळी ओसरी झोपली होती, आणि मधोमध भंडाऱ्यानं पिवळा झालेला आपला नवरा, मांडीवर लेकरू घेऊन, पडलेल्या गोठ्याच्या डागडुजीची दरखास्त गात होता.

"हे समदे झोपले," किशनराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी जागाय."

"दिसायलंय मला," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसत होत्या. "मी कायम झाले. द्या ती दिमडी हिकडं. निजा आता तुमी."

त्यांनी दिमडी हातातून घेतली. किशनरावांना "कायम?" असं विचारायचं होतं, पण "क" एवढंच निघालं आणि ते तसेच मखराला टेकून झोपले.

दिमडी थांबली आणि त्या शांततेनं सगळ्यांची झोप मोडली. आधी धुरपदाबाईंनी डोळे उघडले. त्यांचं बोट अजून रोखलेलंच होतं, आणि बोटासमोर जावई घोरत होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "म्हणलं नव्हतं मी? बन्सीची टोपडी भर. गाडी जुंपायला सांग."

"आई, हे आत्ता झोपलेत. दिवसभर जागेच हुते."

"तू तर शाळंत हुतीस. तुला काय ठावं? पाहिलं का कुणी?"

जवान मुंजाजीनं टोपी सारखी केली. पाहिलं नाही म्हणावं, तर मग काय करत होतास, असं अमीनसाहेब विचारणार. "मी पाहिलं," तो म्हणाला. "सरकारी डोळ्यांनी पाहिलं. घडीभर पापणी लागली न्हाई यजमानाची."

व्यंकटराव जमादारांचा तर सबंध नोकरीचा लौकिक पणाला लागला होता. त्यांनी खाकरून सांगितलं, की आपण सबंध वेळ किशनरावांवर नजर ठेवून होतो आणि असला पहारा आपण खजिन्यावरही पाहिला नाही. वाघ्या झोपला तर जागरण बुडालं, म्हणून आश्रुबानं भंडाऱ्याची शपथ घेऊन यजमान जागा होता असं सांगितलं, आणि त्याच्या साथीदारांनी माना डोलावल्या. बायनाबाईंच्या गालावर परातीची कड उमटली होती. त्याही म्हणाल्या, की मी चुलीपासून सारखी बघत होते.

नर्मदाबाईंनी बन्सीधरला उचलून खांद्यावर घेतलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, तू तर ह्यांच्या म्होरंच बसली हुतीस. बघायलाच आलतीस ना? तूच सांग की, जागे हुते का न्हाई?"

धुरपदाबाईंनी रोखलेलं बोट हळूच खाली घेतलं. पदर सारखा केला. सगळी ओसरी त्यांच्याकडं बघत होती.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "जागेच हुते. माझ्या डोळ्यांदेखत. लय गुणाचा माणूस हाय."

लग्न झाल्यापासून सासूच्या तोंडून जावयासाठी निघालेला तो पहिला चांगला शब्द. किशनरावांनी तो ऐकला नाही. ते घोरत होते.